टेबलापासून तीन हातांवर

त्या मोसमातलं मला सर्वांत आधी आठवतं ते थकणं. सामने, गोल, कोण कुणाकडून हरलं, हे सगळं नंतर येतं. आधी आठवतात त्या पोटऱ्या, रात्री अंथरुणावर पडल्यावर आपोआप आखडणाऱ्या, आणि कितीही धुतले तरी बोटांच्या बेचक्यांत वाळू राहिलेले पाय. आमचं घर समुद्रापासून दोन डोंगर आत. पहिली एसटी सकाळी सहाला फाट्यावर यायची आणि फाटा घरापासून पाऊण तासावर. म्हणजे आई त्याआधी उठलेली. चुलीवर पेज उकळत असायची, तिचा गुदमरल्यासारखा फदफद आवाज हेच माझं घड्याळ. पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा किंवा आंब्याच्या लोणच्याची फोड. डब्यात तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, जी दुपारपर्यंत वडीसारखी घट्ट व्हायची. संध्याकाळी परत येताना शेवटची गाडी, पुन्हा तोच पाऊण तास, आणि घरी पोचल्यावर पडवीत बसलेले बाबा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. भाताची थोडी शेती आणि काजूची कलमं सांभाळायचे. कॉलेजात नक्की काय चालतं याची त्यांना काही कल्पना नव्हती, पण रोज संध्याकाळी मी पाय धुऊन आलो की ते एकच प्रश्न विचारायचे.

"आज काय शिकवल्यानी?"

मी काहीतरी सांगायचो. इतिहासातलं, भूगोलातलं. ते मान हलवायचे, जणू काही तपासून घेत होते. एकदा मी गुडघा फोडून आलो तेव्हा लपवता येईना. म्हटलं, फुटबॉल खेळताना पडलो.

"फुटबॉल म्हणजे इषय आसा काय रे?"

"व्हय," मी म्हणालो.

"परीक्षा आसता?"

"आसता."

"मगे बरा," म्हणाले, आणि आईला हळद आणायला सांगितली.

नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढे आणखी बोलावं लागलं असतं. तेवढी ताकद संध्याकाळी माझ्यात नसायची, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे सकाळीही नसायची.

मी संघात कसा आलो, तर धावण्याने नव्हे, अक्षराने. आमचे खेळाचे सामंत सर फॉर्म भरायला कुणीतरी शोधत होते. माझं अक्षर पाहून त्यांनी मला बसवलं, आणि बारावा खेळाडू कमी पडत होता म्हणून यादीत माझंच नाव मला लिहायला सांगितलं. पोरं मला 'कारकून' म्हणायची. कॉलेजला मैदान असं नव्हतंच. आम्ही समुद्राच्या वाळूवर खेळायचो, तेही ओहोटीला, ओली वाळू घट्ट असते तेव्हा. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, तशी आमची प्रॅक्टिसही सरकायची. कधी दुपारी दोनला डोक्यावर ऊन घेऊन, कधी थेट संध्याकाळी. किती वाजता यायचं असं कोणी विचारत नसे. किनाऱ्यावरच्या पोरांना ते अंगातूनच कळायचं. मी आतल्या गावचा. मला दर वेळी कुणालातरी विचारावं लागे, आणि विचारायचं टाळून मी बऱ्याचदा दोन तास आधीच जाऊन सुरूच्या झाडाखाली बसत असे.

प्रॅक्टिस मधेच थांबायची ती रापणीमुळे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. माणसं कमी पडली की रापणीतले म्हातारे भाऊकाका आमच्याकडे बघून ओरडायचे, "ए कॉलेजवाल्यांनू, बॉल ठेवा नि दोरीक लागा. पायान मासो गावना नाय." मग आम्ही सगळे दोरीला. दोरी कमरेला टेकवून, टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे. जाळं वर आलं की मासळीचे वाटे पडायचे, आणि नियम असा की ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. कोणी किती जोर लावला हे बघत नसत. म्हातारा असो, पोर असो, मधेच येऊन लागलेला असो. "हात लावलो मां? मगे झाला," असं भाऊकाका म्हणायचे. मला ते पहिल्यांदा चुकीचं वाटलं होतं. शाळेत आम्हाला असं शिकवलं नव्हतं.

आमचा गोलकीपर बाबल हा देवबागचा, याच रापणीच्या घरातला. उंच, खांद्यात थोडा वाकलेला. होडीतून फेकलेला मासा झेलावा तसा तो बॉल पोटाशी धरायचा आणि क्षणभर तसाच राहायचा, निसटून जाईल म्हणून. माझ्याशी त्याचं जमलं कारण तोही फार बोलत नसे आणि मी न बोलल्याचं त्याला काही वाटत नसे. तो इंग्रजीत दोनदा नापास झाला होता. त्याच्या वडिलांचा पाय अधू झालेला, होडीवर माणूस हवा होता. त्यांनी सांगून टाकलं होतं, ह्या वर्षी पास झालास तर झालास, नायतर होडयेर. बाबलला होडी नको होती. त्याला बंदराच्या ऑफिसात नोकरी हवी होती.

"माका फॅनाखाली बसान पावती फाडूची आसा," तो म्हणायचा. "बापाशीक समोर रांगेत उभो करतलंय. इचारतलंय, कागद खंय आसा?"

"आणि बापूस काय म्हणतलो?"

"म्हणतलो, घराकडे ये मेल्या, मगे दाखवतंय कागद."

विद्यापीठाचा एक नियम होता, तो फॉर्म भरताना मीच वाचून सगळ्यांना सांगितला होता. विभागातल्या शेवटच्या चार संघांत जो खेळेल त्याला परीक्षेत दहा वाढीव गुण. बाकीच्यांनी तो ऐकला आणि विसरले. बाबलने मला तो कागदावर लिहून द्यायला सांगितलं. तो कागद त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात होता. पुस्तकात बाकी फारसं काही उघडलेलं नव्हतं, तो कागद मात्र घडीवर झिजला होता.

दोन सामने आम्ही जिंकलो. आता विचार करताना वाटतं, त्यात आमच्या खेळापेक्षा वाळूने कमावलेल्या पोटऱ्यांचा वाटा अधिक असेल. कॅप्टन गुरू मात्र श्रेय नारळाला द्यायचा. त्याच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचा. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो आणि त्याला सांगितल्याशिवाय तिथे काही सुरू करायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कुणाला शिकवत नाही. गुरू नारळ हातात धरायचा, डोळे मिटायचा आणि वडिलांच्या आवाजात सुरू व्हायचा.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज खेळूक उतारतत."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"त्येंचे पाय धड रवांदेत. बॉल बाबल्याच्या हातात रवांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि रेफरीक कायव चुकीचा दिसलाच, तर ता समोरच्यांचा दिसांदे."

इथे सर्वांत मोठा आवाज पास्कूचा. तो आधी छातीवर क्रूस काढून घ्यायचा आणि मग गाऱ्हाण्यात सामील व्हायचा. म्हणायचा, दोन्हीकडे अर्ज टाकलेलो बरो.

तिसरा सामना रत्नागिरीच्या बाजूला होता. जिंकलो तर शेवटच्या चारांत. समोरचा संघ आदल्या वर्षी आमच्याकडून हरलेला. सामंत सरांना त्या दिवशी परीक्षेचं काम लागलं, म्हणून त्यांनी फाईल माझ्याकडे दिली. निळी प्लास्टिकची फाईल, आत सगळ्यांची ओळखपत्रं, यादी, प्राचार्यांचं पत्र.

"दहा वाजता टेबलावर हजेरी असते," सर म्हणाले. "पत्र दे, यादी दे, सही कर. बाकी काही नाही. जमेल ना?"

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच जमायचं.

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. पास्कू वाटेत तीनदा ओकला होता आणि सगळ्यांची अंगं आंबली होती. जांभ्या दगडाच्या भिंतीआड लाल, टणक मैदान. एका बाजूला मांडव, त्यात टेबल, टेबलामागे टोप्या घातलेले तीन गृहस्थ चहा पीत बसलेले. गुरूने मैदानाच्या कडेलाच सगळ्यांना थांबवलं.

"हयचो राखणदार खंय ता आदी इचारा. परक्या जाग्यात नारळ दिल्याबिगर पाय ठेवूचो नाय."

त्याने तिथल्या शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "राखणदार? वॉचमन सकाळी आठलाच घरी जातो."

हसण्याइतकीही कुणात ताकद नव्हती, तरी आम्ही हसलो. मग गेटवर काकड्या विकणाऱ्या बाईने सांगितलं की मैदानाच्या खालच्या अंगाला वहाळ, म्हणजे ओढा आहे, वहाळापलीकडे वड आहे, वडाखाली एक दगड आहे, लोक पाया पडतात. गुरूला तेवढं पुरे होतं. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला सगळे हवेत, म्हणून अकराही जण निघाले.

"तू हयसर रव," गुरू मला म्हणाला. "कोणी इचारल्यान तर सांग, इलेत, आता येतत."

वड मैदानाच्या पलीकडे दिसत होता. जवळ वाटला, पण मधे उतार होता आणि वहाळावरचा साकव, लहानसा लाकडी पूल, मोडला होता, म्हणून त्यांना वळसा पडला. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फाईल छातीशी धरून मांडवात गेलो आणि टेबलापासून तीन हातांवर उभा राहिलो.

ते तिघं आपसात बोलत होते. कुणाच्या तरी बदलीबद्दल. आमच्याकडे मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालत नाहीत, ती विचारतील तेव्हा सांगायचं. मी त्यांनी विचारायची वाट पाहत राहिलो. दहा वाजता त्यांच्यातल्या एकाने माइक ओढला आणि आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं. मी एक पाऊल पुढे टाकलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, मैदानाकडे बघत होता, अकरा जण शोधत होता. मी मनात वाक्य तयार केलं. सर, आमचा संघ आला आहे. मग ते विचारणार, कुठे आहे. मग मी काय सांगणार? घरच्या बोलीत ते साधं होतं, नारळ देवक गेलेत, आता येतत. पण त्या टेबलासमोर, त्या टोप्यांसमोर, शुद्ध मराठीत तेच वाक्य मनात म्हणून पाहिलं तर ते वेडगळ वाटायला लागलं. ते हसतील. विचारतील, कुठलं कॉलेज म्हणालास? मी दुसरं वाक्य शोधू लागलो. ते हातपाय धुवायला गेले आहेत. ते कपडे बदलत आहेत. एकही बरं वाटेना. पाच मिनिटांनी त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. पलीकडून, वहाळाच्या बाजूने, बारीकसा एकत्र आवाज आला, तो मला ओळखू आला. आता येतीलच, मी म्हटलं. ते आले की प्रश्नच मिटला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी घशात आवाज गोळा करत होतो. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, कागदावर काही लिहिलं, समोरच्या संघाच्या कॅप्टनने सही केली. मग मी फाईल टेबलावर ठेवली.

"कुठे होतास?" तो म्हणाला.

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"इथेच उभा होतो, सर."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता, त्याचा तो कितवा सामना असेल कोण जाणे. "बाळा, मी तीनदा पुकारलं," तो म्हणाला. "आता सही झाली. सामना त्यांना गेला."

आता मी स्वतः शाळेत शिकवतो. हजेरी घेताना उत्तर आलं नाही तर मी पुस्तक बंद करून वर बघतो, आणि शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक तोंड बघून होईपर्यंत गैरहजेरी मांडत नाही. सहकारी म्हणतात, अर्धा तास तुमच्या हजेरीतच जातो. जातो खरा.

पोरं आली ती कपाळाला शेंदूर लावून, हातात खोबऱ्याचे तुकडे घेऊन. काय झालं ते कळल्यावर गुरू टेबलावर भांडला, हात जोडले, पुन्हा भांडला. मग माझ्याकडे वळला. "तू खंय होतंस?"

"मी वायच पाणी पिवक गेल्लंय," मी म्हणालो.

ते वाक्य कसं चटकन आलं. अडखळलंसुद्धा नाही.

गुरूचा चेहरा उतरला. मी पाणी प्यायला गेलो तर त्यात माझा काय दोष? दोष द्यायला उरला तो नारळ. परतीच्या गाडीत तासाभराने मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "तुझ्या नारळान घात केल्यान रे गुरू." दुसरा म्हणाला, "पुढच्या खेपेक शहाळी हाडूया, बसान पिवया." गुरू खिडकीबाहेर बघत राहिला. मी फाईल मांडीवर धरून बसलो होतो. शेजारी बाबल खोबरं चावत होता, हळूहळू, जसं काही ते संपेपर्यंत दुसरं काहीच करायचं नव्हतं. अर्धा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला.

"खोबरा बरा आसा," म्हणाला.

त्या वर्षी गुरूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं नाही. बॉल वाळूवर ठेवला की तो नारळावरून कोणी काही बोलतंय का ते बघायचा, आणि कोणी ना कोणी बोलायचं. मी तेव्हाही तिथेच असायचो.

निकाल लागला तेव्हा पावसाळ्यासाठी रापण बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. बाबल इंग्रजीत सात गुणांनी गेला. फळ्यावर लावलेल्या यादीत मी त्याचं नाव दोनदा शोधलं. माझं होतं, ते बघायचं मी विसरलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजला न थांबता देवबागची गाडी धरली. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी वाळू, त्यामुळे कुणाला शोधत फिरावं लागत नाही. बाबल किनाऱ्यावर दोरीला होता. अंगावर कॉलेजची गोलकीपरची जर्सी, बाह्या कापलेल्या.

"इलंस?" तो म्हणाला. दोरी सोडली नाही.

मी गाडीत वाक्य तयार केलं होतं. ते सगळं विसरलो. "बाबल, माका एक सांगूचा आसा. त्या दिवशी मी पाणी पिवक गेलंय नाय."

"म्हायत आसा."

तो एक पाऊल मागे सरला, दोरीबरोबर. मीही सरलो.

"वडाखाली गाऱ्हाणा चालला होता," तो म्हणाला, "तेवा माइकवर आपला नाव इला. बाकीच्यांका आयकाक गेला नाय, माका गेला. मी धावणारच होतंय. वळान बघलंय तर तू टेबलाकडे उभो. फाईल घेवन. म्हटलंय, संत्या आसा मरे थंय, सांगतलो. म्हणान धावलंय नाय."

समुद्र अगदी शांत होता त्या दिवशी. दोरी पाण्यातून निथळत येत होती.

"मगे कोणाक सांगलंस कित्या नाय?"

"मी काय सांगतलंय? तू सांगतलंस म्हणान रवलंय." त्याने खांद्याने कपाळावरचा घाम पुसला. रागावलेला नव्हता. दमलेला होता, बस.

पुढून भाऊकाका ओरडले, "ए, बोलता काय रवलास? वजन इला, ओढा."

"लाव हात," बाबल म्हणाला.

मी चपला काढल्या आणि त्याच्या मागे दोरी धरली. तासाभराने जाळं वर आलं. बांगडा होता, चांगला. वाटे पडले. भाऊकाकांनी एक वाटा माझ्यासमोर सरकवला. मी नको म्हणालो.

"दोरीक हात लावलंस मां?"

"शेवटाक लावलंय."

"मगे घे. रापणीत 'नको' नसता."

माझ्याकडे पिशवी नव्हती. निळी फाईल अजून माझ्या दप्तरात होती, कुणी परत मागितली नव्हती. आतले कागद काढून मी बांगडे तिच्यात भरले. शेवटच्या गाडीत वासामुळे शेजारी कोणी बसलं नाही.

आईने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, झणझणीत कालवण, केलं. बाबा पाटावर बसले, पहिला घास घेतला, चव बरी लागली असावी, आणि त्यांनी रोजचा प्रश्न विचारला.

"आज काय शिकवल्यानी?"

मी सांगायला सुरुवात केली. फुटबॉल हा विषय नाही, इथपासून. परीक्षा नसते. मग टेबल, तीन हाका, वड, पाण्याचं खोटं, बाबलचे सात गुण. मधे मधे थांबत होतो. आई चुलीपुढे हात तसाच धरून बसली होती. बाबांनी बांगड्याचा काटा पुरा सोडवून ताटाच्या कडेला ठेवला, तोच उचलून बघितला, पुन्हा ठेवला.

"आणि तो नारळवालो?" शेवटी म्हणाले. "त्येका सांगलंस?"

"नाय."

बाबांनी भात कालवला.

"मगे सकाळी पयली गाडी आसा मरे," म्हणाले.